काउबची मोजपट्टी

युरोपचा भूगोल शिकवताना ऱ्हाइन नदीबद्दल आपण एक वाक्य हमखास सांगतो: ऱ्हाइन हा युरोपातील सर्वांत गजबजलेला जलमार्ग आहे. मुले ते लिहून घेतात, परीक्षेत रिकामी जागा भरतात आणि आपण डॅन्यूबकडे वळतो. पण हा जलमार्ग बाराही महिने चालतो कसा, असा प्रश्न क्वचितच कोणी विचारते. खरे तर आपल्याकडच्या मुलांना तो पडायला हवा. मे महिन्यातील भीमा किंवा गोदावरी त्यांनी पाहिलेली असते. वर्षभर भरलेली नदी ही त्यांच्या दृष्टीने नवलाचीच गोष्ट!

या नवलाचे कारण असे की ऱ्हाइनला पाणी पुरवणाऱ्या यंत्रणा दोन आहेत. ही नदी स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात उगम पावते, कॉन्स्टन्स सरोवरातून बाहेर पडते आणि सुमारे 1230 किलोमीटरचा प्रवास करून उत्तर समुद्राला मिळते. हिवाळ्यात आल्प्समध्ये पाऊस पडत नाही, बर्फ पडते. ते डोंगरावरच साठून राहते आणि वसंतात व उन्हाळ्यात वितळून नदीत येते. उलट नेकार, माइन, मोझेल या मधल्या टप्प्यातील उपनद्या पावसाच्या पाण्यावर चालतात आणि त्या भरतात हिवाळ्यात. एकीचा हात आखडता होतो तेव्हा दुसरीचा सैल असतो. बर्फ म्हणजे एका परीने या नदीचे धरणच, पण भिंत नसलेले. या धरणाच्या भरवशावर एका प्रचंड उद्योगाने आपला संसार कसा थाटला आणि भरवसा डळमळू लागल्यावर काय झाले, त्याची ही हकिगत.

1865 साली फ्रीडरिश एंगेलहॉर्न या उद्योजकाने मानहाइम येथे एक कंपनी स्थापन केली. दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग बनवणे हा तिचा हेतू. मानहाइमच्या नगरसभेने जागा विकण्यास नकार दिला म्हणून कारखाना नदीच्या पलीकडच्या काठावर, लुडविग्सहाफेन येथे उभा राहिला. कंपनीचे लांबलचक जर्मन नाव पुढे आद्याक्षरांनीच ओळखले जाऊ लागले: बीएएसएफ. आपल्यापैकी अनेकांनी या नावाच्या कॅसेटवर गाणी भरून घेतलेली असतील. पण आपला तिच्याशी संबंध त्याहून जुना आणि कडू आहे. 1897 साली या कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्यासाठी तिने सुमारे 1 कोटी 80 लाख मार्क खर्च केले होते. पाहता पाहता बिहार-बंगालच्या निळीचा व्यापार कोसळला आणि मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या डोक्यावर टाकला. 1917 च्या चंपारण सत्याग्रहामागचे एक कारण या नदीकाठच्या प्रयोगशाळेत सापडते.

1913 मध्ये याच कंपनीने शेजारच्या ओपाऊ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया बनवण्याचा जगातील पहिला मोठा कारखाना सुरू केला. आज लुडविग्सहाफेनचा पसारा सुमारे 10 चौरस किलोमीटर आहे. एकाच कंपनीचे जगातील सर्वांत मोठे रासायनिक संकुल म्हणून ते ओळखले जाते. एका विभागातून बाहेर पडणारा पदार्थ नळाने दुसऱ्या विभागात कच्चा माल म्हणून जातो. काटकसरीच्या दृष्टीने ही रचना उत्तम. परंतु एक कडी थांबली की पुढच्या कड्याही थांबतात, हा तिचा दुसरा गुण.

कारखाना नदीकाठी असण्याची कारणे उघड आहेत. कोळसा, खनिजे, पुढे नाफ्था हा सगळा जड माल पाण्यावरून स्वस्तात येतो. यंत्रे थंड करायला हवे तितके पाणी मिळते. शिवाय त्या काळी नको असलेले सांडपाणीही नदीच्याच हवाली करता येत असे. नदी तोवर बरीच ‘शिकवलेली’ होती. टुल्ला या अभियंत्याच्या योजनेनुसार 1817 पासून वरच्या ऱ्हाइनची वळणे कापून ती सरळ करण्याचे काम सुरू झाले होते. ते 1876 पर्यंत चालले आणि बाझेल ते वोर्म्स हा मार्ग सुमारे 80 किलोमीटरने आखूड झाला. खडक फोडले, पात्र बांधून काढले, 1868 च्या मानहाइम करारान्वये सर्व देशांच्या नौकांना वाट मोकळी झाली. माणसाने बदलता येण्याजोगे जवळजवळ सर्व काही बदलले. एक गोष्ट मात्र कोणी हिशेबात धरली नाही, कारण ती कायमचीच आहे असे वाटत होते. ती म्हणजे आल्प्सवर किती बर्फ पडते आणि ते केव्हा वितळते. एकोणिसाव्या शतकाचे हवामान जणू कारखान्याच्या पायातच घातले गेले. तो दगड कोणत्याही नकाशात दाखवलेला नव्हता, इतकेच.

आता लुडविग्सहाफेनपासून प्रवाहाच्या दिशेने सुमारे 115 किलोमीटर खाली जाऊ. येथे नदी डोंगर चिरून जाते. पात्र खडकाळ आणि उथळ आहे. काठावर काउब नावाचे लहानसे गाव आहे, नदीच्या मध्यभागी बेटावर एक जुना किल्ला आहे आणि गावात पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी आहे. रॉटरडॅम बंदरातून लुडविग्सहाफेनकडे जाणाऱ्या प्रत्येक नौकेला ही जागा ओलांडावीच लागते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी असते. ऱ्हाइनची कच्ची कडी काउब येथे आहे. म्हणून व्यापारी, नावाडी आणि विमावाले सगळे काउबचा आकडा पाहतात.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण वर्तमानपत्रे येथे नेहमी चुकतात. मोजपट्टीवरील शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. मोजपट्टीवर 78 सेंटिमीटर दिसतात तेव्हा नौकामार्गात सुमारे 1 मीटर 90 सेंटिमीटर खोल पाणी असते. म्हणजे मोजपट्टीच्या आकड्यात साधारण 112 मिळवले की खोली मिळते. 78 हा आकडा मुद्दामच घेतला. 2018 साली नौकानयनासाठी हीच ‘नीच पातळी’ धरलेली होती. पाणी वर्षातून सरासरी 20 दिवसच तिच्याखाली जावे, अशी तिची व्याख्या.

आता आर्किमिडीजला बोलावू. आठवी-नववीच्या वर्गात हे गणित अवश्य घालून पाहावे. ऱ्हाइनवरील मोठी मालवाहू नौका 110 मीटर लांब व 11.4 मीटर रुंद असते. ती 1 सेंटिमीटर अधिक बुडाली तर किती पाणी बाजूला सारले जाईल? 110 गुणिले 11.4 गुणिले 0.01, म्हणजे साडेबारा घनमीटर. नौकेचा आकार अगदी पेटीसारखा नसतो म्हणून दहावा हिस्सा सोडून देऊ. राहिले सुमारे 11 घनमीटर, म्हणजेच 11 टन पाणी. याचा अर्थ पाणी एका सेंटिमीटरने उतरले की नौकेवरून 11 टन माल उतरवावा लागतो. रिकामी नौकाही साधारण 80 सेंटिमीटर बुडते असे धरू, आणि तळ खडकाला घासू नये म्हणून खाली 30 सेंटिमीटर मोकळे ठेवू. मग 78 च्या पातळीला ती नौका जेमतेम 900 टन नेऊ शकेल, आणि 25 च्या पातळीला 300. एरवी तीच नौका 3000 टनांपर्यंत माल वाहते. डिझेल मात्र तेवढेच जळते आणि नावाड्यांचा पगारही तेवढाच!

25 हा आकडाही मनाने घेतलेला नाही. 2018 साली वसंतापासूनच मध्य युरोपात पाऊस रुसला आणि उन्हाळा कडक गेला. जुलैपासून ऱ्हाइन उतरू लागली, आणि 22 ऑक्टोबर 2018 रोजी काउबच्या मोजपट्टीने 25 सेंटिमीटर दाखवले. तेथील नोंदींतील ही सर्वांत कमी पातळी. त्या वर्षी शंभराहून अधिक दिवस पाणी 78 च्या खाली होते. अपेक्षा 20 दिवसांची होती, हे लक्षात घ्यावे.

बीएएसएफच्या ये-जा करणाऱ्या मालापैकी सुमारे 40 टक्के माल नदीवरून जातो. एरवी दिवसाला पंधराएक नौका धक्क्याला लागतात. आता एका नौकेचे काम करायला पाच-दहा नौका लागू लागल्या. नौकांचे भाडे भडकले. मग रेल्वे आणि मालमोटारी का नाहीत? त्या वापरल्याच. पण 3000 टनांसाठी सव्वाशेच्या आसपास मालमोटारी लागतात. दिवसाला पंधरा नौकांचा हिशेब वाचकांनीच करावा. नोव्हेंबरच्या अखेरीस गाद्यांच्या फोमसाठी लागणाऱ्या टीडीआय या रसायनाचे उत्पादन बंद ठेवावे लागले. कमी पाण्यामुळे त्या वर्षी सुमारे 25 कोटी युरोंचा भुर्दंड पडल्याचे कंपनीने जाहीर केले. नदीच्या खालच्या अंगाला ड्यूसबर्गच्या पोलाद उद्योगाला खनिज पुरेना. काही भागांत पेट्रोल पंप कोरडे पडले आणि जर्मन सरकारने राखीव साठ्यातून तेल बाहेर काढले. कील येथील जागतिक अर्थव्यवस्था संस्थेच्या अभ्यासकांनी नंतर हिशेब मांडला तो असा: काउबची पातळी महिनाभर 78 च्या खाली राहिली तर त्या महिन्यात जर्मनीचे औद्योगिक उत्पादन सुमारे 1 टक्क्याने घटते. कारखान्याला आग लागली नाही, पूर आला नाही, संप झाला नाही. कुंपणापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर काही सेंटिमीटर पाणी कमी झाले, एवढेच घडले. (परळीचे औष्णिक वीजकेंद्र 2015 साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, ते येथे आठवते. तेथेही कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती.)

हा सगळा हवामानबदलाचा प्रताप म्हणावा काय? येथे शिक्षकाने सावध राहिले पाहिजे. एका कोरड्या वर्षावरून हवामान ठरत नाही. 1921 आणि 1947 सालीही ऱ्हाइन अशीच आटली होती. उलट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्प्समधील जलविद्युत धरणे उन्हाळ्याचे पाणी साठवून हिवाळ्यात सोडू लागली, त्यामुळे हिवाळ्यातील टंचाई काहीशी सौम्यच झाली. तेव्हा ‘पूर्वी असे कधी झाले नव्हते’ हे विधान काउबच्या 25 सेंटिमीटरपुरते खरे, सरसकट नव्हे.

पण दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. तापमान वाढले की हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो आणि ते पाणी थांबून न राहता लगेच वाहून जाते. उरलेले बर्फ लवकर वितळते. वर्षभराचे पाणी कदाचित तितकेच राहील, पण ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा त्याची सर्वांत अधिक गरज, तेव्हा ते नसेल. त्यावर हिमनद्यांची भर होती, तीही घटते आहे. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचे घनफळ 1931 ते 2016 या काळात निम्मे झाले, आणि 2022 व 2023 या केवळ दोन वर्षांत उरलेल्यातील सुमारे दहावा हिस्सा गेला. तूर्त वितळत्या हिमनद्या कोरड्या उन्हाळ्यात नदीला जास्तीचे पाणी देतात. हे मुद्दल खाऊन घर चालवण्यासारखे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला घर चाललेले दिसते.

2018 नंतर कंपनी जागी झाली. जर्मनीच्या जलविज्ञान संस्थेच्या मदतीने तिने सहा आठवडे आधी पाणीपातळीचा अंदाज मिळण्याची सोय केली, उथळ पाण्यात चालणाऱ्या नौका आधीच भाड्याने घेऊन ठेवल्या आणि एक खास नौका बांधवून घेतली. ही नौका 2023 मध्ये पाण्यात उतरली. ती 135 मीटर लांब आणि 17.5 मीटर रुंद आहे. रुंदी वाढवली की कमी बुडूनही तेवढेच पाणी बाजूला सारता येते, हे वरील गणितावरून मुले आपणच सांगतील. काउबला 30 सेंटिमीटर पातळी असतानाही ती सहाशे ते आठशे टन माल नेऊ शकते. 2022 च्या ऑगस्टमध्ये पाणी पुन्हा तिशीच्या आसपास आले, तेव्हा ही नौका तयार नव्हती. पण आधीच्या तयारीमुळे कारखाना बराचसा सावरला. गंमत अशी की त्याच वेळी रशियाचा वायू तुटल्याने जर्मनीला कोळशाची निकड लागली होती, आणि कोळशाच्या नौका अर्ध्या रिकाम्या चालत होत्या. ज्या इंधनाने हवा तापते तेच इंधन तापलेल्या नदीने अडवून धरले! टीडीआयचा तो विभाग कायमचा बंद करण्याचा निर्णय कंपनीने 2023 मध्ये घेतला, परंतु त्याचे खापर नदीवर फोडता येणार नाही. तेथे वायूची महागाई आणि बाजारातील स्पर्धा कारणीभूत होती.

जर्मन सरकारची योजना वेगळी आहे. माइंझपासून संक्त गोआरपर्यंतच्या पट्ट्यातील नौकामार्ग 1 मीटर 90 वरून 2 मीटर 10 सेंटिमीटर खोल करायचा, असे 2016 च्या वाहतूक आराखड्यात ठरले. म्हणजे 20 सेंटिमीटर. आपल्या गणिताने प्रत्येक नौकेमागे 220 टन. पर्यावरणवादी विचारतात, पात्र खोल केल्याने काठची पाणथळ जमीन आणि भूजल यांचे काय होईल? नावाडी विचारतात, हे काम इतके रेंगाळते का? दोघांचेही म्हणणे खोटे नाही. ते काम पूर्ण व्हायला 2030 चे दशक उजाडेल. तोवर लुडविग्सहाफेनच्या कचेरीत रोज काउबचा आकडा पाहूनच किती नौका मागवायच्या ते ठरते.