गूळ गुऱ्हाळाचा, नाव पेठेचं

इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावाची बिअर जगभर गेली, ती तिथल्या विहिरींच्या पाण्यात उतरलेल्या जिप्सममुळे, असं सांगतात. कोल्हापूरच्या गुळाचं श्रेयही लोक असंच पंचगंगेच्या पाण्याला आणि नदीकाठच्या मळीच्या जमिनीला देऊन मोकळे होतात. त्यात तथ्य आहे, पण निम्मंच. गूळ गुऱ्हाळात झाला, त्याचं नाव मात्र पेठेत झालं.

१८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. त्याआधी माल बैलगाडीने जायचा, आणि बैलगाडीची पोहोच ती किती! १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी स्टेशनाला लागून नवी व्यापारी पेठ वसवली. तीच शाहूपुरी. रूळ आणि पेठ शेजारी-शेजारी आल्यामुळे गूळ थेट वाघिणीत चढू लागला. गुजरातसारखं मोठं गिऱ्हाईक जोडलं गेलं, ते आजतागायत टिकून आहे. महाराजांना ही युक्ती चांगलीच उमगली होती. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी जयसिंगपूरची बाजारपेठ वसवली, तीही रेल्वेच्याच वाटेवर.

पेठेचा कणा म्हणजे अडत्या. शेतकऱ्याने त्याच्या दुकानी गुळाच्या ढेपा, म्हणजे रवे, उतरवायचे, व्यापाऱ्यांनी रंग, कणी आणि कडकपणा पाहून बोली लावायची. हंगामाआधी शेतकऱ्याला पैशांची उचल देणाराही अडत्याच. त्यामुळे माल कुणाकडे जाणार, हे पुष्कळदा ऊस उभा असतानाच ठरलेलं असे. सौदे पुढे मार्केट यार्डात गेले, तरी दिवाळी पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्याची प्रथा सुटलेली नाही.

गुऱ्हाळात सगळी मदार गुळव्यावर. पूर्वी बैलांच्या घाण्यावर ऊस गाळत. नंतर लोखंडी चरक आले, किर्लोस्करवाडीचेही. रस काहिलीत पडला की खाली चुलवाणात जाळव्या वाळलेल्या चिपाडांचा जाळ लावतो. चुन्याची निवळी आणि रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. पाक ११८ अंशांच्या आसपास गेला की काहील उतरायची. गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो बोटांनी गोळी वळतो. ती कशी होते यावर सगळा निकाल. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपलाच. मग पाक वाफ्यात ओतून घोटायचा आणि कापड घातलेल्या बादलीत भरायचा. तीस किलोचा रवा बादलीच्या आकाराचा दिसतो, तो त्यामुळे.

१९३०च्या दशकात कसबा बावड्याला साखर कारखाना निघाला आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची रांग लागली. त्यांना साखर करताना उरणाऱ्या मळीपासून अल्कोहोल काढण्याची जोड मिळाली. गुऱ्हाळाला अशी जोड कुठली? हातभट्टीवाले काळा गूळ उचलत, पण तो व्यवहार कुणी वहीत मांडत नसे. उसाला दर कोण जास्त देतो, यावर गुऱ्हाळ चालणार की बंद राहणार, हे ठरू लागलं.

गिऱ्हाइकाची नजरही महागात पडली. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा, म्हणून काहिलीत रंग उजळणारं हायड्रॉस हे रसायन पडू लागलं. तपकिरी रंगाचा, केमिकल न घातलेला गूळ वर्षानुवर्षं ‘हलका’ ठरला आणि शहरांतल्या दुकानांत आता तोच ‘सेंद्रिय’ म्हणून चढ्या भावाने जातो. या उलटापालटीचा फायदा शेतकऱ्यापेक्षा पाकीट भरणाऱ्यालाच अधिक झाला असावा.

२०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी कर्नाटकातून आलेला गूळ कोल्हापुरी म्हणून खपवला जातो, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. ती रास्तच, पण दुसऱ्याचा माल आपल्या नावाने खपावा इतकं वजन त्या नावाला पेठेनेच आणून दिलं. उसाचीही सोय झाली: कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राने गुळासाठी को ९२००५ सारखा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. अडचण आता उसाची कमी आणि माणसांची जास्त आहे: काहिलीच्या धगीत रात्रंदिवस उभे राहणारे गुळवे आणि जाळवे मिळेनासे झाले आहेत.