राजाचे भगंदर आणि जखमेचे दिवस

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यावर १८ नोव्हेंबर १६८६ रोजी सकाळी व्हर्सायच्या राजवाड्यात भगंदराची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्य होता शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स. ईथरची भूल जगाला माहीत होण्यास अजून एकशे साठ वर्षांचा अवकाश होता. मादाम द मँतनों, मंत्री लुव्वा व राजाचा धर्मगुरू ही मंडळी शय्येजवळ उभी होती. राजाने हूं की चूं केले नाही, इतकेच नव्हे तर त्याच दिवशी मंत्र्यांची बैठकही घेतली, असे वर्णन येते. राजाच्या धैर्याची ही कथा सांगून इतिहासकार बहुधा येथेच पडदा पाडतात. आमचे कुतूहल मात्र पडदा पडल्यानंतरचे आहे. कारण या व्याधीत शस्त्र चालते काही घटका आणि जखम बोलत राहते कित्येक आठवडे.

आपल्याकडे या भागाच्या कोणत्याही दुखण्याला संकोचाने ‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. भगंदर हे निराळे. गुदद्वाराच्या आतील एखाद्या सूक्ष्म ग्रंथीत पू होतो, तो मांसातून वाट काढीत बाहेरच्या त्वचेपर्यंत येतो आणि गळू फुटल्यावरही ती वाट बुजत नाही. ही नळी उभी चिरून उघडी करणे हा जुना व आजही मान्य असलेला उपाय. चिरल्यानंतर जखम शिवायची नसते. ती उघडी ठेवून तळापासून वर भरत आणावयाची असते. वरची कातडी आधी जुळली, तर खाली पोकळी राहते, तीत पुन्हा पू साठतो आणि सारे श्रम वाया जातात. शिवाय जखमेची जागा अशी की मलमार्ग एक दिवसही बंद ठेवता येत नाही. आणि नळी मल आवरून धरणाऱ्या स्नायूंतून गेलेली असेल तर छेद जरा अधिक खोल गेल्यास रुग्णाचा तो ताबाच जातो.

लुईच्या बाबतीत हेच संकट उभे राहिले. जखम हवी तशी भरून येईना, म्हणून डिसेंबरात पुन्हा छेद द्यावे लागले. पहिल्या दिवसाच्या शौर्याचे गोडवे गाणाऱ्यांनी या दुसऱ्या फेरीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आमच्या मते राजाची खरी परीक्षा तेव्हा होती. कारण एकदा वेदना काय असते हे कळून चुकल्यावर माणसाला पुन्हा त्याच शय्येवर पालथे व्हावे लागते. जानेवारी १६८७ मध्ये तो बरा झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे रोगमुक्तीला सुमारे दोन महिने लागले. फेलिक्सला भरघोस द्रव्य व जहागीर मिळाली. त्याने आधी पॅरिसच्या रुग्णालयांतील गोरगरिबांवर हात बसवून घेतला होता, त्यांच्या जखमा भरल्या की नाही याची मात्र दरबाराला चौकशी नव्हती.

या रोगमुक्तीच्या आनंदात आणखी एक जखम दडलेली आहे. राजा बरा झाला म्हणून ८ जानेवारी १६८७ रोजी पॅरिसच्या एका चर्चमध्ये ईशस्तवनाचे संगीत झाले. दरबारी संगीतकार झां-बातिस्त ल्युली ताल धरण्यासाठी जड काठी जमिनीवर आपटीत होता. ती त्याच्याच पायावर बसली. जखम चिघळली, सडत वर चढली; पाय कापून घेण्यास त्याने नकार दिला आणि २२ मार्च रोजी तो मरण पावला. मलमार्गाशेजारची खोल जखम भरून आली आणि पायावरच्या माराने माणूस गेला! जंतूंचे ज्ञान नसलेल्या त्या काळी जखमेचे दैव किती बेभरवशाचे होते, हे यावरून दिसते.

आपल्या परंपरेत या दुखण्याचे शास्त्र फार जुने आहे. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले, एषणीने मार्ग शोधण्याची व छेदाच्या निरनिराळ्या आकृतींची चर्चा केली. परंतु आम्हांस विशेष वाटते ते त्याने जखम भरल्यानंतर घातलेले पथ्य. व्यायाम, मैथुन, क्रोध, पशूच्या पाठीवरील स्वारी व जड अन्न ही रुग्णाने वर्षभर वर्ज्य करावीत, असे तो सांगतो. राग टाळा, असे शस्त्रवैद्याने बजावणे आज गमतीचे वाटेल; कुंथणे आणि स्वारी यांचा निषेध मात्र अगदी व्यवहारी आहे.

कृश, दुर्बल व भित्र्या रुग्णांसाठी त्याने शस्त्राऐवजी क्षारसूत्राचा मार्ग सुचविला. पुढे अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने निवडुंगाचा चीक व हळद यांनी सूत भिजवण्याची कृती दिली. ही विद्या मागे पडली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशी हिंदू विश्वविद्यालयात पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा उभी केली. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून एकवीस लेप दिलेला दोरा नळीतून ओवून बांधतात व आठवड्याने बदलतात. दोरा पुढे हळूहळू कापत जातो आणि त्याच्यामागे जखम भरत येते. त्यामुळे स्नायू एकदम दुभंगत नाही, आणि तळ मोकळा असताना वरचे तोंड मिटण्याचे भयही कमी होते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत क्षारसूत्र व शस्त्रक्रिया यांची तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेची जखम सुमारे चार आठवड्यांत भरली, सूत्राला सुमारे आठ लागले. पण रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आणि सूत्रानंतर ४ टक्के आढळले. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला हे जादा चार आठवडे परवडतात का, हा प्रश्न त्या आकड्यांत येत नाही. व्हर्सायच्या रुग्णाला तो पडलाच नव्हता. त्याची कचेरी त्याच्या शय्येपाशी भरत होती.