चोखोबांच्या नावाची शाळा

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्याचं जन्मगाव मानलं जातं. विठ्ठलाच्या या भक्ताला अस्पृश्य मानल्यामुळे पंढरपूरच्या देवळात पाऊल ठेवता आलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून तो गेला आणि त्याची समाधी झाली ती पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर. विसाव्या शतकात, ज्यांची पोरं अस्पृश्य म्हणून शाळेच्या ओसरीवर बसत होती त्यांनी स्वतःच्या शाळा आणि वसतिगृहं काढली, तेव्हा नाव दिलं ते याच चोखोबांचं.

ओसरीवर बसवा, असा काही सरकारी कायदा नव्हता. उलट १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला, तेव्हा प्रकरण पार लंडनपर्यंत गेलं आणि सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, असं ठरलं. गावात पोचेस्तोवर त्या निर्णयाचं पाणी झालं. शाळा खुली, पण बसायचं तरट घरून आणायचं आणि पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. आंबेडकरांचं शाळकरी वयही असंच गेलं. १८८२ च्या हंटर आयोगानं मग वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावं, असा मधला रस्ता सुचवला.

बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात होता आणि १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले. त्या नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ साली मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. मुलींसाठी, हे विशेष! बनसोड्यांनी पुढे स्वतःचा छापखाना घातला, वर्तमानपत्रं काढली. त्या छापखान्यात पत्नी तुळसाबाई राबत.

अशीच शाळा पुढे काढणाऱ्या जाईबाई चौधरींची गोष्ट याहून कडू. जन्म १८९२ चा, उमरेडचा. दुष्काळानं कुटुंब नागपूरला आलं, नवव्या वर्षी लग्न झालं. नागपूर स्टेशनवर हमाली करायच्या, डोक्यावर ओझं घेऊन कामठीपर्यंत चालायच्या. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शिकवलं आणि महिना चार रुपयांवर मिशनच्या शाळेत शिक्षिका केलं. बाई महार आहेत हे कळताच पालकांनी मुलं काढायला सुरुवात केली आणि नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी नागपुरातच स्वतःची संत चोखामेळा कन्याशाळा सुरू केली.

त्यानंतरही पंगत वेगळीच. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिथं जाईबाईंना जेवायला बाजूला बसवलं. परिषद सुधारक बायकांची, हे लक्षात घ्यावं. १९३८ च्या जानेवारीत दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली.

मात्र चोखोबांचं नाव सगळ्यांनाच पुरेसं वाटलं नाही. त्र्यंबकेश्वरी त्यांचं देऊळ बांधण्याचा विचार निघाला, तेव्हा अस्पृश्यता नाहीशी करणं हेच त्यांचं खरं स्मारक, अशी भूमिका आंबेडकरांनी घेतली. तरी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत नंदनार आणि रविदासांसोबत चोखामेळा आहेच. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर देवळाबाहेरच राहिलेल्या या भक्ताशी नातं सांगणं अनेकांना जड गेलं. नागपुरातली एक शिक्षणसंस्था आज जाईबाई चौधरींचं नाव लावते, ते रास्तच आहे.

वेगळ्या शाळा आणि त्यांच्या आठवणी जपण्याची धडपड दुसरीकडेही दिसते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कुलाला १९१६ मध्ये पॉल लॉरेन्स डनबार या कवीचं नाव दिलं गेलं. ती मूळ इमारत १९७० च्या दशकात पाडली गेली. त्या देशात अशा बऱ्याच शाळांचे माजी विद्यार्थी जुनी छायाचित्रं, ढाली, वार्षिकांक गोळा करत राहिले.

आपल्याकडे हे काम मुख्यतः दोन बायकांनी केलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या म्हाताऱ्या स्त्रियांना गाठून बोलतं केलं आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. जाईबाईंची हमाली पुढच्या पिढीला कळली ती मोठ्या प्रमाणात त्यामुळे. आठवणींइतकेच शाळेतले कागदही मोलाचे. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा या नावानं आंबेडकर दाखल झाले. ती नोंद जपली गेली, आणि तो दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस आहे. चोखामेळा शाळांच्या हजेरीपटांचा, दाखल्यांचा असा शोध व्हायला हवा. मेहुणा राजात चोखोबांचं चरित्र सांगताना या शाळांचं एक प्रकरण जोडायला काय हरकत आहे? विदर्भातल्या कितीतरी घरांत आजीच्या पेटीत अजून चौथीचा दाखला निघेल. कुणी तरी तो मागायला हवा.