विसरायचा हक्क कोणाचा?

आपल्या मेहकर-लोणार-सिंदखेडराजाकडच्या कोणत्याही जुन्या गावात जा. वाड्याच्या ओसरीवर बाजेवर एक बुढा पडलेला असतो. एके काळी तो नुसता खाकरला तरी आपली वस्ती चळचळ कापायची. आज त्याला नातवाचं नाव आठवत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या वस्तीत, एक बुढी असते. तिला सगळं आठवतं. कोणतं साल, कोणाचं शेत, कोणत्या रात्री दार कोणी ढकललं. तिनं फिर्याद दिली नाही, कारण फिर्याद लिहून घेणारा वाड्यावर चहा पीत बसलेला असायचा.

चाळीस वर्षांनी कोणी शिकलेलं पोरगं हा विषय काढतं, आणि सारं गाव एकदम दयाळू होतं. "जाऊ द्या ना भाऊ. साठी बुद्धी नाठी. बुढा आता सुधीवर नाही. मेलेल्याले काहून मारता?"

चाळीस वर्षं ही दया कुठं होती? बुढीच्या वाट्याला ती कधी का आली नाही? विसरायचा हक्क मारणाऱ्याला, आणि विसरायची सक्ती मार खाणाऱ्याला, असा हा हिशेब आहे. हा हिशेब फक्त गावाच्या पारावर होतो असं समजू नका. जगातल्या मोठमोठ्या कोर्टांत तो झाला आहे. त्याचा इतिहास चळवळीतल्या पोरांना ठाऊक पाहिजे, कारण उद्या तुम्ही जुनं प्रकरण हातात घेतलं की समोरचा वकील पहिला कागद हाच काढणार: डॉक्टरचं सर्टिफिकेट.

आधी कायदा समजून घेऊ. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. गुन्हा करताना माणूस वेडा असेल, आपण काय करतो हे त्याला कळतच नसेल, तर तो गुन्हाच धरत नाहीत. १८६० च्या दंड संहितेत कलम ८४ होतं ते हेच. दुसरी गोष्ट वेगळी. गुन्हा करताना माणूस पुरता शहाणा होता, पण आज खटला उभा राहिला तेव्हा त्याची बुद्धी गेली आहे. आरोप काय तो कळत नाही, साक्षीदार काय बोलतो ते ध्यानात राहत नाही, वकिलाला दोन शब्द सांगता येत नाहीत. अशा माणसावर खटला चालवू नये, हे तत्त्व जुनं आहे आणि योग्यही आहे. ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही त्याला शिक्षा देणं हा न्याय नव्हे. हे आपण मोकळेपणानं मान्य करू. पण त्याच्या बुद्धीची तपासणी कोणी करायची? आणि खटला थांबला तर सत्याचं काय करायचं? भांडण या दोन प्रश्नांचं आहे.

चिलीचा हुकूमशहा पिनोशे घ्या. १९७३ साली लष्करी बंड करून त्यानं सत्ता बळकावली. त्याच्या राजवटीत तीन हजारांवर माणसं मारली गेली किंवा कायमची गायब झाली. १९९८ च्या ऑक्टोबरात तो लंडनला औषधपाण्यासाठी गेला असताना स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवर त्याला अटक झाली. पुढं प्रकृतीचं कारण देऊन ब्रिटिश सरकारनं त्याला सोडलं. २००० च्या मार्चमध्ये हा आजारी बुढा चाकाच्या खुर्चीतून मायदेशी विमानतळावर उतरला आणि खुर्चीतून उठून आपल्या सेनापतींना भेटायला चालू लागला. साऱ्या जगानं ते पाहिलं. तरी २००२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं स्मृतिभ्रंशाच्या कारणावर त्याच्यावरचा खटला बंद केला. पुढच्याच वर्षी त्यानं मायामीच्या एका टीव्ही वाहिनीला मुलाखत दिली. प्रश्नांना नीट, ठाकठीक उत्तरं. न्यायाधीश हुआन गुझमान यांनी ती मुलाखत पाहिली, आणि २००४ च्या डिसेंबरात, हा माणूस खटल्याला समर्थ आहे, असा निर्णय देऊन नवा आरोप ठेवला. पण वेळ निघून गेली होती. १० डिसेंबर २००६ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी पिनोशे मेला. एकाही गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली नाही.

यातून एक धडा घ्या. सर्टिफिकेट म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ते पुन्हा तपासता येतं.

दुसरं प्रकरण इंग्लंडचं, आणि ते आपल्या जास्त जवळचं आहे. ग्रेव्हिल जॅनर हे मजूर पक्षाचे बडे पुढारी, बॅरिस्टर, १९७० ते १९९७ लेस्टरचे खासदार, त्यानंतर लॉर्ड. लेस्टरशायरच्या सरकारी बालगृहांतल्या मुलांचं लैंगिक शोषण केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. १९९१ साली बालगृहाच्या एका अधिकाऱ्यावर खटला चालू असताना त्यांचं नाव उघड्या कोर्टात आलं. चौकशी झाली आणि थांबली. २००२ ला पुन्हा तेच. २००७ ला पुन्हा तेच. २००९ साली त्यांना अल्झायमरचं निदान झालं. त्यानंतरही ते लॉर्डांच्या सभागृहात येत होते.

२०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारी अभियोग खात्याच्या प्रमुखांनी जाहीर केलं की पुरावा खटला भरण्याजोगा आहे, तिन्ही वेळा खटला भरायला हवा होता, पण आता स्मृतिभ्रंश झाल्यामुळं भरणार नाही. आरोप करणारी माणसं गप्प बसली नाहीत. तोवर तीही साठीकडं आलेली होती. निर्णय पुन्हा तपासा अशी त्यांनी मागणी केली, आणि जूनमध्ये तो फिरवावा लागला. डिसेंबरात न्यायाधीशांनी जॅनर खटल्याला असमर्थ ठरवले. तरी प्रकरण संपलं नाही, कारण तिथल्या कायद्यात एक वाट आहे. आरोपी असमर्थ असला तरी ज्यूरीसमोर पुरावा मांडायचा आणि एवढंच ठरवायचं की ते कृत्य त्यानं केलं की नाही. दोषी म्हणायचं नाही, तुरुंगात टाकायचं नाही. घडलं काय ते फक्त निश्चित करायचं. ही सुनावणी पुढच्या वर्षी होणार होती. १९ डिसेंबर २०१५ रोजी जॅनर वारले, आणि महिन्याभरात प्रकरण गुंडाळलं गेलं.

जॅनर यांनी आणि त्यांच्या कुटुंबानं आरोप कायम नाकारले. ते दोषी होते असं कोणतंही कोर्ट म्हणालेलं नाही, म्हणून आपणही म्हणणार नाही. पण नीट बघा. आरोप करणाऱ्यांना उत्तर मिळालं नाही, आणि नाव धुऊन काढायची संधी आरोपीलाही मिळाली नाही. २०२१ साली तिथल्या सार्वजनिक चौकशीनं नोंदवलं की तपास अपुरे होते आणि बालगृहातल्या मुलांच्या शब्दाला किंमत दिली गेली नाही. म्हणजे आजार आला २००९ ला, आणि न्याय अडला १९९१ ला. मधली अठरा वर्षं कोणत्या रोगानं खाल्ली? त्या रोगाचं नाव स्मृतिभ्रंश नव्हतं. साहेबाचा शब्द मोठा आणि अनाथाचा शब्द खोटा, हा तो रोग. आपण त्याला चांगलं ओळखतो. इंग्लंडात त्याचं नाव वर्ग, आपल्याकडं जात.

आता आपल्या देशात या. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२८ पासून पुढं असमर्थ आरोपीची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ती कलम ३६७ पासून पुढं आहे. तज्ज्ञाकडून तपासणी करायची, आरोपी असमर्थ निघाला तर प्रथमदर्शनी पुरावा आहे की नाही ते पाहायचं. नसेल तर सोडून द्यायचं, असेल तर खटला तहकूब. तो बरा झाला तर पुन्हा चालू. पण स्मृतिभ्रंशाचा माणूस सहसा बरा होत नाही. म्हणजे तहकूब ते मरेपर्यंत तहकूब, आणि आरोपी मेला की खटलाही संपला. घडलं काय ते ठरवण्याची इंग्लंडसारखी वाट आपल्या कायद्यात नाही.

मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला आपल्याकडं मुदत नाही. बलात्कार, खून, जाळपोळ चाळीस वर्षांनीही कोर्टात नेता येते. उत्तर प्रदेशातल्या साधूपूर गावात १९८१ च्या डिसेंबरात दहा दलितांना गोळ्या घालून मारलं. निकाल लागला २०२३ साली, फिरोजाबादच्या कोर्टात. दहा आरोपींपैकी नऊ मरून गेले होते. उरलेल्या एकाला जन्मठेप झाली, तेव्हा त्याचं वय ९० होतं. त्याच १९८१ सालच्या नोव्हेंबरातलं दिहुलीचं हत्याकांड, चोवीस दलित ठार. निकाल २०२५ च्या मार्चमध्ये, तिघांना फाशीची शिक्षा, आणि बहुतेक आरोपी त्याआधीच मेलेले. याला न्याय म्हणायचा तर म्हणा. पण ज्या बायांनी आपली लेकरं पुरली, त्यांच्या आयुष्याची चाळीस वर्षं तारखांत गेली. नऊ जण आरोपी म्हणून मेले, गुन्हेगार म्हणून नाही.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला दया दाखवणं हीच आपली संस्कृती. बरं. मग आपल्याच महाराष्ट्रातला तळोजा तुरुंग पाहा. एल्गार परिषदेच्या खटल्यात २०२० साली फादर स्टॅन स्वामींना अटक झाली. वय ८३, पार्किन्सननं हात थरथरत होते. पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. जामीन मिळाला नाही. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या दवाखान्यात ते कच्चे कैदी म्हणूनच वारले. त्याच खटल्यातले कवी वरवरा राव ऐंशीला टेकलेले. त्यांना भ्रम होतो, माणसं ओळखता येत नाहीत, असं घरचे ओरडून सांगत होते. २०२१ च्या फेब्रुवारीत हायकोर्टानं सहा महिन्यांचा जामीन दिला, आणि सुप्रीम कोर्टाकडून कायमचा जामीन मिळायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. आजार तोच, वय तेच. फरक इतकाच की हे सत्तेच्या विरोधात उभे होते.

म्हणूनच आपण "बुढ्याला फरफटत आणा" असं म्हणायचं नाही. स्टॅन स्वामींसाठी आपण जी दया मागितली ती वाड्यावरच्या बुढ्यालाही नाकारता येणार नाही. ज्याची बुद्धी खरोखर गेली त्याला तुरुंग नको. पण माफी शिक्षेपुरती. सत्याला माफी नाही. घडलं काय ते उघड्या कोर्टात ठरलंच पाहिजे, आणि ज्यांनी फिर्याद दाबली, फाईल बंद केली, त्यांचाही हिशेब झाला पाहिजे. त्यातले पुष्कळ अजून धडधाकट आहेत, पेन्शन खात आहेत.

मग आज काय करायचं? आपल्याच जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातल्या पाळा इथं, आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण २०१६ च्या नोव्हेंबरात उघडं पडलं आणि अटका झाल्या. मुली तेव्हा लहान होत्या, म्हणजे आठवण ताजी होती. असं प्रकरण चाळीस वर्षं दबून राहिलं असतं तर आपल्या हाती सर्टिफिकेट तेवढं आलं असतं. म्हणून पहिलं काम, उशीर होऊ न देणं. ॲट्रॉसिटी कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनं आरोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवा असं सांगितलं आहे. बालकांच्या २०१२ च्या कायद्यात मुलाची साक्ष तीस दिवसांत नोंदवायची आहे. ही मुदत पाळली जाते का, हे कोर्टात जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. जाऊन बसा.

दुसरं काम जुन्या प्रकरणांचं. पोलिसासमोरचा जबाब कच्चा असतो. मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवलेला जबाब त्याहून भक्कम. आणि कोर्टात उलटतपासणीसह झालेली साक्ष सर्वांत भक्कम, कारण साक्षीदार उद्या मेला तरी ती त्याच खटल्यात वापरता येते. म्हणून बुढीला आधी पुढं करा. आणि आरोपीचं सर्टिफिकेट आलं तर खाजगी डॉक्टरच्या कागदावर थांबू नका. सरकारी तज्ज्ञाकडून तपासणी मागा, आणि काही महिन्यांनी पुन्हा मागा. तोच माणूस त्याच दिवसांत सहकारी संस्थेच्या कागदावर सही करतो का, शेताचे व्यवहार करतो का, सभेत हार घालून घेतो का, ते तारखेनिशी टिपून ठेवा.

तिसरं काम लिहिण्याचं. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे असताना, १९०१ साली, मसूर स्टेशनावर जात कळल्यावर गाडीवाल्यांनी त्यांना, भावाला आणि भाच्यांना गाडीत घ्यायचं नाकारलं. दुप्पट भाडं घेऊन एक जण कबूल झाला, तोही गाडी त्यांनाच हाकायला लावून. तीसेक वर्षांनी त्यांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त साल, ठिकाण, प्रवास, सगळं देऊन लिहिलं. त्या गाडीवानाला कोणत्याही कोर्टात उभं करता आलं नसतं. पण आज कोणाची हिंमत नाही म्हणायची, की असं घडलंच नव्हतं.

तेव्हा येत्या रविवारी दोघं-दोघं मिळून आपल्या वस्त्यांत जा. बुढीजवळ बसा. तिची इच्छा असेल तरच विचारा, तिच्या शब्दांत लिहा, आपले शब्द घालू नका. साल आठवत नसेल तर दुष्काळावरून, निवडणुकीवरून, लेकराच्या जन्मावरून काढा. दवाखान्याचा कागद, शाळेचा दाखला, जुनी तक्रार, जे सापडेल ते जपून ठेवा. लिहिलेलं वाचून दाखवा, सही-अंगठा घ्या, एक प्रत तिच्याजवळ ठेवा, आणि तिच्या परवानगीशिवाय कुठं छापू नका.

जयभीम.