ट्राउटची माशी-गळाने मासेमारी (लिद्दर नदी, काश्मीर)

लिद्दर ही झेलमची उपनदी. कोलाहोई हिमनदीचे पाणी घेऊन ती आरू, पहलगाममार्गे अनंतनागकडे उतरते. तिच्यातला तपकिरी ट्राउट (साल्मो ट्रुटा) मूळचा इथला नव्हे. १८९९ मध्ये मागवलेली अंडी प्रवासातच नासली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली तगली, आणि त्यांचा वंश खोऱ्यात पसरला. ‘स्नो ट्राउट’ म्हणून ओळखला जाणारा स्थानिक मासा मात्र रोहूच्या कुळातला आहे.

माशी-गळाच्या पद्धतीत आमिष म्हणजे गळावर पिसे व दोरा गुंडाळून केलेली नकली माशी. तिला वजन जवळजवळ नसते, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायचा असतो जड दोर. काठी मागे नेली की दोर पाठीमागे पूर्ण उलगडू द्यावा लागतो, मग तो पुढे झेपावतो. त्या क्षणभराच्या थांबण्यातच सारे कसब आहे.

सप्टेंबरमध्ये बर्फाचे वितळणे मंदावते, उन्हाळ्यातला गढूळपणा जाऊन तळाचे गोटे दिसू लागतात. पाणी सुरेख, पण माशालाही माणूस दिसतो. म्हणून दोराच्या टोकाचा धागा बारीक घ्यावा, प्रवाहाच्या खालच्या अंगाने वाकून जावे, सावली पाण्यावर पडू देऊ नये. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड थांबतो. माशी त्याच्या वरच्या प्रवाहात टाकून त्याच्याकडे वाहत येऊ द्यावी.

मासेमारीसाठी सरकारी परवाना लागतो. शरद सरताना मादी रेतीमिश्रित खडीत अंडी घालते. तेव्हा तिला छेडू नये. मासा सोडायचा असल्यास हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.