सांगड : जोडनौकेचा इतिहास आणि प्राणहितेचे खोरे

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार मराठी लेखनात नित्य आढळतो. परंतु त्यातील ‘सांगड’ ही मूळची एक नौका होय, हे सहसा ध्यानात येत नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी–इंग्रजी कोशात या शब्दाचा अर्थ एकत्र बांधलेल्या दोन होड्यांचा तराफा असा दिलेला असून, पोहण्यासाठी जोडलेल्या दोन भोपळ्यांनाही सांगडच म्हटले आहे. शब्दाचे मूळ संस्कृत ‘संघट्ट’ असे तेथे नोंदविले आहे. आज ‘कॅटामरान’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या नौकेची रचना पाहिली, तर तिला खरे नाव सांगड हेच शोभते. या रचनेचा उपयोग चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील नद्यांवर दीर्घकाळ होत आला आहे.

प्रथम दोन भिन्न रचनांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. तमिळ ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेली लाकडे. चोलमंडल किनाऱ्यावरील हे साधन म्हणजे ओंडक्यांचा तराफा; त्याला पोकळ काया नसते. सांगडीत मात्र दोन स्वतंत्र पोकळ नौका काही अंतरावर ठेवून आडव्या लाकडांनी जोडलेल्या असतात. दोन्ही प्रकारांची परंपरा प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सैन्याने जलाशय ओलांडण्याची साधने सांगताना नौकांबरोबर काष्ठ व वेणू यांचे संघात आणि अलाबू, म्हणजे भोपळे, यांचाही उल्लेख येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पूर्व किनाऱ्यावरील एकसंध ओंडक्यांच्या, परस्परांस बांधलेल्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या नौका वर्णिलेल्या आहेत. मल्याळममधील ‘चंगाडम्’ हा शब्दही याच कुळातील मानला जातो.

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानंतर त्या प्रवाहास प्राणहिता हे नाव मिळते. सिरोंच्याजवळ ती गोदावरीस मिळते आणि त्याखाली इंद्रावती येऊन मिसळते. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या व उन्हाळ्यात खडक आणि वाळू उघडे पाडणाऱ्या या नद्यांवर ‘डोंगा’ हेच मुख्य साधन होते. अखंड बुंधा कुऱ्हाडीने व वासल्याने कोरून तो तयार होई. साहजिकच त्याची रुंदी झाडाच्या जाडीइतकीच राही. असा अरुंद डोंगा उथळ पाण्यात सहज चाले. पण भार एका अंगास सरकताच तो कलंडे. झाड अधिक जाड करणे मनुष्याच्या हाती नव्हते. दुसरे झाड जोडणे मात्र शक्य होते. दोन डोंगे समांतर ठेवून त्यांवर आडव्या बल्ल्या बांधल्या की एका बाजूस भार येताच त्या बाजूचा डोंगा अधिक बुडतो आणि पाणी त्याला वर रेटते. दोहोंतील अंतर जितके अधिक, तितका हा विरोध प्रबळ. शिवाय भार दोन कायांवर विभागला गेल्याने सांगडीस पाणीही थोडेच लागते. बल्ल्यांवर फळ्या वा बांबू पसरले की धान्याची पोती आणि पुढील काळात सायकलीही पार होऊ लागल्या.

या जलमार्गाचा मोठा व्यापारी उपयोग करण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला. दवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पूर्ण करणारे आर्थर कॉटन यांनी वऱ्हाडचा व वर्धा खोऱ्याचा कापूस गोदावरीमार्गे पूर्व समुद्रास नेण्याच्या कल्पनेचा पुरस्कार केला. १८६० मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा निर्माण होऊन सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे झाले. मार्गात खडकाळ प्रपातांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मगुडेम, इंद्रावतीसंगमाखालील एंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. ते टाळण्यासाठी कालवे व बंधारे यांची कामे कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. इकडे १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली आणि कापसास मुंबईचा मार्ग खुला झाला. १८७१ मध्ये जलमार्गाची कामे थांबविण्यात आली. १८७४ मध्ये सिरोंचा तहसील चांदा जिल्ह्यास जोडली गेली. मोठ्या नौकांसाठी नदीच बदलू पाहणारी योजना संपली. नदीच्या स्वभावास अनुरूप असलेले डोंगे मात्र चालूच राहिले.

युरोपात विल्यम पेटी यांनी १६६२ मध्ये डब्लिन येथे दोन कायांचे जहाज बांधले. पुढे १६९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डँपियरच्या प्रवासवृत्तात चोलमंडलातील तराफ्याचे तमिळ नाव इंग्रजी वाचकांपुढे आले. कालांतराने हे तराफ्याचे नाव जोडनौकेस चिकटले. अमेरिकेत नॅथनिएल हेरेशॉफ यांच्या ‘अमॅरिलिस’ या जोडनौकेने १८७६ मध्ये न्यूयॉर्कची शर्यत जिंकली. पण तिचा वेग पाहून अशा नौकांना स्पर्धेबाहेर ठेवण्यात आले. तीन कायांच्या नौकेस ‘ट्रायमरान’ हे नाव व्हिक्टर चेचेट यांनी १९४० च्या दशकात दिले. पॅसिफिक बेटांवरील लोकांनी जोडनौकेस शीड चढवून महासागर ओलांडले होते. प्राणहितेच्या खोऱ्यात शीड रुजले नाही. कारण येथील गरज दूरच्या प्रवासाची नसून पैलतीर गाठण्याची होती, आणि खडकांमधून वाट काढताना वाऱ्यापेक्षा बांबूच अधिक भरवशाचा.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतर अनेक मोठ्या नद्यांवर पूल उभे राहिले. तरी भामरागडसारख्या भागांत पर्लकोटेचा पूर रस्ता अडवीतच राहिला. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात वैनगंगेवर नाव उलटून मिरचीतोडणीस निघालेल्या मजूर स्त्रियांचा बळी गेला. जोडनौकेचा इतिहास शर्यतींचा व शोधांचा म्हणून सांगितला जातो. या खोऱ्यात तो प्रथम सुखरूप पार जाण्याचा इतिहास आहे. जेथे पूल नाही, तेथे रोजीसाठी नदी ओलांडणाऱ्याचा जीव नावेच्या स्थैर्यावरच अवलंबून असतो, आणि सांगड हे त्या स्थैर्याचे जुने व अल्पमोली उत्तर होय. भाषेने हा शब्द विचारांच्या जुळणीसाठी जपला. त्यामागील नौकेचीही नोंद इतिहासाने घेणे उचित ठरेल.