दौंडचा झोत : १९२७ची बिनतारी आणि आजचा ऊस

दौंड म्हटले की जंक्शन आठवते. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून हे गाव रेल्वेचेच मानले गेले. पण एके काळी लंडनहून हिंदुस्थानाकडे निघालेले बिनतारी संदेश प्रथम याच गावाच्या माळावर उतरत असत. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी या सेवेचे उद्घाटन केले. संदेश धाडण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि टिपण्याचे दौंडला. इंग्लंडमधील जोडकेंद्रे ग्रिम्सबी आणि स्केग्नेस येथे होती.

त्याआधी साम्राज्याचा विचार वेगळ्याच दिशेने चालला होता. लांब लहरी, प्रचंड शक्ती आणि गगनाला भिडणारे मनोरे, हा त्या काळचा मार्ग. इंग्लंडमधील रग्बी केंद्रात १९२६ साली ८२० फूट उंचीचे बारा मनोरे उभे राहिले. तेथून निघालेली शक्ती चहूकडे पसरे. ज्याला संदेश द्यायचा त्याच्या वाट्याला तिचा कणभर अंश येई.

मार्कोनी आणि त्याचा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन यांनी हे गणित उलटे केले. लहरी आखूड घेतल्या. तारांची उभी रांग उभारून तिच्यामागे दुसरी रांग आरशासारखी लावली. दिव्यामागे तबक धरावे तसा हा प्रकार होता. शक्ती एका दिशेला वळली आणि सुमारे वीस किलोवॅटमध्ये काम भागू लागले. ब्रिटिश पोस्ट खात्याने १९२४ साली मार्कोनी कंपनीशी केलेल्या करारातली अट कडक होती : मिनिटाला शंभर शब्द, एकाच वेळी दोन्ही दिशांनी. कॅनडाची सेवा १९२६ साली सुरू झाली. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान यांच्या सेवा पुढच्याच वर्षी. स्वस्त आणि वेगवान झोतापुढे समुद्रतळाच्या केबल कंपन्या इतक्या हवालदिल झाल्या की १९२९ साली केबल आणि बिनतारी यांचा संसार सरकारला एकत्र मांडून द्यावा लागला.

खडकीत प्रक्षेपण होते, मग ग्रहण पाऊणशे किलोमीटर दूर कशासाठी? ज्या आवारात प्रचंड आवाज चालू आहे, तेथे दुरून आलेली कुजबुज ऐकू येत नाही. म्हणून बोलणारा आणि ऐकणारा यांना वेगळे ठेवावे लागते. मुंबईत ट्राम आणि गिरण्यांच्या विजेची खरखर होती. दौंडला गाड्या वाफेच्या होत्या. मुंबई–पुणे लोहमार्ग १९२९पर्यंत विजेवर आला, पण दौंडपर्यंत ती वीज पोचायला पुढे जवळपास नव्वद वर्षे लागली. पाटसपर्यंत आलेल्या मुठा कालव्याचा पट्टा सोडला तर पर्जन्यछायेतला हा मुलूख बाजरी-ज्वारीचा आणि बाभळीचा, क्षितिजापर्यंत मोकळा होता. तारांच्या रांगा अशा बांधायच्या की सात हजार किलोमीटरांहून दूर, वायव्येला असलेले इंग्लंड नेमके समोर यावे. यापलीकडे ग्रहणकेंद्राला फार काही लागत नव्हते.

पुणे जिल्ह्याच्या या शांततेचा पुढेही उपयोग झाला. परदेशी संदेशवहन १ जानेवारी १९४७ रोजी सरकारच्या मालकीचे झाले. १९७१ साली जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रह भूकेंद्र आले. त्याच तालुक्यात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण उभी केली. जागा निवडताना तेथेही रेडिओ गोंगाट कमी असणे हा मोठा निकष होता.

आज त्याच दौंड-शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर वेगळी तक्रार ऐकू येते : उन्हाळ्यात बसवलेले वायरलेस इंटरनेट पावसाळ्यानंतर रखडते. गावातल्या टॉवरवर किंवा पाण्याच्या टाकीवर एक अँटेना, मळ्यातल्या घरावर छोटी डिश. रचना फ्रँकलिनचीच आहे. लहर मात्र बदलली आहे.

दौंडला येणारी लहर दिवसा सुमारे सोळा मीटर लांबीची असे. तिच्या लेखी बाभळीचे झाड म्हणजे किरकोळ अडथळा. आजच्या ५.८ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी पाच सेंटिमीटर, म्हणजे झाडाच्या पानाएवढीच. पानातले पाणी ती शोषते, फांद्या तिला विखुरतात. मार्क वाइसबर्गर यांनी १९८२ साली मांडलेल्या सूत्राने हिशेब केला तर तीस मीटर दाट झाडोऱ्यातून ५.८ गिगाहर्ट्झचा जेमतेम चाळिसावा हिस्सा बाहेर पडतो. ५०० मेगाहर्ट्झची लहर असेल तर सुमारे सहावा उरतो. पाने ओली असली की नुकसान आणखी वाढते.

आणि शिरूर-दौंडचे रान कोणते? ऊस. घोड, चासकमान, कुकडी यांचे पाणी आले, न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा असे साखर कारखाने उभे राहिले, आणि मोकळा माळ तीन-चार मीटर उंच हिरव्या भिंतींनी भरला. बिबट्याने त्यात पिले घातली, तेव्हा हे रानच असल्याचा निर्वाळा मिळाला!

इथे एक गैरसमज नेहमी नडतो. डिशवरून टॉवर डोळ्यांना दिसतो, मग अडचण कसली? लहर दोऱ्यासारखी जात नाही. ती मधोमध फुगलेल्या विटीसारखी जागा व्यापते. या जागेला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. पाच किलोमीटर अंतरावर, ५.८ गिगाहर्ट्झला, मध्यावर तिची त्रिज्या आठ मीटर भरते. दोन्ही टोके जमिनीपासून दहा मीटरवर असली तरी क्षेत्राची खालची कड मातीपासून दोनच मीटर वर राहते. तेथे वाढलेला ऊस शिरतो, आणि बांधावरचा कडुनिंब तर थेट गाभ्यात जातो. किमान साठ टक्के त्रिज्या मोकळी ठेवावी, असा अभियंत्यांचा दंडक आहे.

मोठा राऊटर किंवा जास्त शक्ती घेऊन यातून सुटका होत नाही. १९२७चा अनुभवही हाच होता. डिश दोन-तीन मीटर उंच न्यावी. घराच्या ज्या कोपऱ्यातून झाडांमधली फट मिळते, तो कोपरा शोधावा. फट नसेल तर टेकाडावर किंवा टाकीवर मधला टप्पा घ्यावा. आणि जोडणीची परीक्षा चैत्रात न घेता भाद्रपदात घ्यावी.

उरतो मार्ग लहर लांब करण्याचा. थिओडोर टामिर यांनी १९६७ साली दाखवले की १ ते १०० मेगाहर्ट्झच्या लहरी जंगलात वर चढतात, शेंड्यांवरून सरपटत जातात आणि पुढे पुन्हा खाली उतरतात. महाराष्ट्रात मधल्या पट्ट्याचा प्रयोग आयआयटी मुंबईने केला. पालघर जिल्ह्यातल्या डोंगराळ, झाडीच्या मुलखात, खामलोली परिसरात, दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वारंवारितांवर गावांना इंटरनेट दिले गेले. पुढे पंचवीस गावांचे जाळे विणताना मात्र ५.८ गिगाहर्ट्झच वापरले गेले, टॉवर उंच ठेवून. तो पट्टा परवानामुक्त होता आणि उपकरणे बाजारात मिळत होती. २०१८ साली सरकारने ५ गिगाहर्ट्झचा आणखी बराच भाग मोकळा केला. लांब लहरींच्या वाट्याला अशी मोकळीक आली नाही, म्हणून दौंडच्या वस्तीवरच्या विद्यार्थ्याच्या हाती आज पाच सेंटिमीटरचीच लहर आहे.

आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा राहतो. तोडणीनंतर आठवड्याभरात छपरावरची डिश पुन्हा व्यवस्थित चालू लागते, आणि खोडवा गुडघ्याला येईपर्यंत कोणी टॉवरकडे पाहतही नाही.